जिलेटीनच्या चष्म्यातला गोल

सांगतो, पण आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा प्रकार सांगताना एकाला असा ठसका लागला की चहा त्याचा आणि शर्ट माझा गेला.

तर मी विज्ञानाचा शिक्षक. नववी-दहावीला प्रकाश शिकवतो. आरसे, भिंगं, लोलक, इंद्रधनुष्य, सगळं. प्रकाश म्हणजे लाटा, प्रत्येक रंगाची लाट वेगळ्या लांबीची, लालची सगळ्यात लांब, जांभळ्याची सगळ्यात आखूड, हे मी झोपेतसुद्धा बडबडतो असं बायको सांगते. अशा माणसानं भर दिवसा, लख्ख उन्हात, कोल्हापूरच्या स्टेडियमवर, अख्ख्या पेठेदेखत माती खाल्ली. माती कसली, मैदानच खाल्लं म्हणा!

आता कोल्हापूरबाहेरच्यांसाठी एक सांगायला पाहिजे. बाकी गावात फुटबॉल हा खेळ असतो. आमच्याकडं ती पेठेची अब्रू असते. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीचा संघ, संघाचा रंग. मॅचच्या दिवशी लग्न असलं तर मुहूर्त पुढं जातो, मॅच जात नाही. एकाच घरात दोन पेठांची माणसं असली, तर त्या दिवशी जेवणं वेगवेगळी होतात. अतिशयोक्ती वाटतेय? मग ऐका.

माझा जन्म पलीकडच्या पेठेतला. नाव सांगत नाही, अजून मला तिथून भाजी आणावी लागते. लग्न मात्र मंगळवार पेठेतल्या मुलीशी झालं, आणि शाळा जवळ पडते म्हणून सासुरवाडीच्या मागच्याच गल्लीत भाड्यानं राहायला आलो. घरजावई नाही हं! भाडं मी भरतो. दूध तेवढं सासुरवाडीवरनं येतं.

सासरच्या तालमीची जर्सी लाल. माझ्या जन्मपेठेची निळी. आणि निळ्या संघाचा फॉरवर्ड कोण? माझा सख्खा धाकटा भाऊ, संजू. म्हणजे बघा, मी कुठल्या जात्यात सापडलो होतो.

आमचे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, फौंड्रीतून निवृत्त झालेले. बोलायला भला माणूस, पण फुटबॉलचा विषय निघाला की भट्टी पेटते. स्टेडियमवर त्यांची ठरलेली पायरी आहे. शेजारच्या जागेवर त्यांचे जोडीदार बसायचे, ते वारले. तेव्हापासून त्या जागेवर मामा पाण्याची बाटली ठेवतात आणि कुणालाही बसू देत नाहीत. मेहुण्यांनासुद्धा नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा मॅचला गेलो तेव्हा मी आपला भाबडेपणानं विचारलं, "मामा, बाटली जरा सरकवू का?"

"पावणं," मामा म्हणाले, "ती जागा आपल्या मानसाची हाय. तुमी खाली बसा."

खाली म्हणजे बाटलीच्या खालच्या पायरीवर. तिथं बसून मी कित्येक मोसम काढले. मामांचा गोल झाला की ते टाळी द्यायला हात पुढं करायचे, मी हात वर करायचो, आणि टाळी माझ्या डोक्यावरून पुढच्या पायरीवरच्या माणसाला जायची. तुम्ही हसताय, पण सांगतो, लागायचं हो मनाला. जावयाला आंबे मिळतात, अंगठी मिळते, दिवाळीला कपडे मिळतात. मला त्या बाटलीची जागा पाहिजे होती.

आणि एक दिवस संधी चालून आली.

लाल-निळ्यांची मॅच ठरली होती. तालमीत बैठक बसली. तालमीचे अध्यक्ष तात्या, धंदा मंडप-डेकोरेशनचा, आवाज असा की त्यांना माईक लागत नाही, माईकलाच ते लागतात. मागच्या मॅचला निळ्यांनी भलामोठा झेंडा आणला होता, आणि ते तात्यांना जिव्हारी लागलं होतं.

"औंदा कायतरी नवीन पायजे," तात्या गरजले. "झेंडं झालं, हलगी झाली, धूर झाला. डोकं लावा की! सर, तुमी एवढं शिकलेलं हायसा, सायन्समधलं कायतरी काढा."

सगळ्या तालमीनं माझ्याकडं वळून पाहिलं. मामांनीसुद्धा. आता अशा वेळी शहाणा माणूस काय म्हणेल? 'विचार करून सांगतो' म्हणेल. मी शहाणा असतो तर तुम्हाला ही गोष्ट ऐकायला मिळाली असती का?

मी म्हटलं, "तात्या, तुमच्या गोदामात लाल जिलेटीन कागद असेल?"

"हलोजनला लावायचा? रीळच्या रीळ हाय."

"आणा."

कागद आला. एक निळा झेंडाही आला. तो कुठून आला हे मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. मी लाल जिलेटीनचा तुकडा तात्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि समोर तो झेंडा पसरायला सांगितला.

"आयला!" तात्या मागंच सरकले. "काळा पडला की वो!"

मग काय, माझ्यातला मास्तर सुटला. भिंतीवर खडूनं आकृती काढली. म्हटलं, बघा, सूर्याच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. निळं कापड त्यातला निळा तेवढा परत पाठवतं, बाकीचे गिळतं. आता हा लाल कागद म्हणजे दारावरचा पहिलवान. लाल रंगाला आत सोडतो, बाकीच्यांना तिथंच आडवा करतो. मग निळ्या कापडाचा निळा उजेड आत येणार कसा? उजेडच आला नाही, तर डोळ्याला काय दिसणार? काळं! आणि आपली लाल जर्सी? ती लालभडक, जशीच्या तशी. शिवाय दृश्य रंगांत लालची तरंगलांबी सगळ्यात जास्त.

"लांबी आपलीच जास्त असनार!" तात्यांनी मांडीवर थाप मारली. तालमीत शिट्ट्या झाल्या.

"म्हंजे," तात्यांनी कल्पना ताबडतोब स्वतःच्या नावावर करून घेतली, "आपल्या सगळ्या पब्लिकला लाल चष्मं! आपली पोरं झळकत्यात आनि त्यांची सगळी तोंडं काळी! ठरलं!"

तोंडं काळी दिसणार नाहीत, जर्सी काळी दिसेल, असं मी म्हणणार होतो. पण टाळ्या चालू होत्या. आणि टाळ्या चालू असताना शास्त्रीय दुरुस्ती सांगणारा शिक्षक अजून जन्माला यायचाय.

बाहेर पडताना मामा माझ्या शेजारून चालत होते. त्यांना चष्म्याची कल्पना फारशी पटली नव्हती. "मला माझ्या डोळ्यानं दिसतंय, मी न्हाय घालनार," म्हणाले. पण पुढं जरा थांबले आणि हळूच म्हणाले, "खरं पावणं, तालमीसाठी कायतरी केलासा, बरं वाटलं. हे नीट पार पडू दे, मग बगू. बाटली काय, खालच्या पायरीवर पन बसती."

अहो, त्या रात्री मला लग्नाच्या रात्रीपेक्षा जास्त आनंद झाला. हे बायकोला सांगू नका.

चष्मे करायचं काम मी नववीच्या मुलांना दिलं. पुठ्ठा कापा, जिलेटीन चिकटवा, दोरा ओवा. शाळेच्या अहवालात त्याला 'कृतीयुक्त अध्ययन' असं नाव दिलं. मुख्याध्यापकांनी कौतुकानं फोटो काढून शिक्षण खात्याच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मुलं प्रकाश अनुभवताना'. मुलं फक्त फेविकॉल अनुभवत होती.

मॅचच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मामांच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, बसून राहिलेले दोरे ओवत होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला. आईचा.

"आरं, ऐक की," आई म्हणाली, "आपल्या संज्याची नवी जर्सी आलीया. लई झ्याक हाय, आनि बग की, औंदा..."

मामांचा दोरा हवेतच थांबला. मॅचच्या आदल्या दिवशी, त्यांच्या घरात, शत्रूच्या गोटातून फोन!

"राँग नंबर," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

सख्ख्या आईला राँग नंबर म्हणणारा मी एकटाच नसेन. पण त्याची शिक्षा चोवीस तासांच्या आत भोगणारा नक्की एकटाच.

मॅचचा दिवस उजाडला. तालमीपासून स्टेडियमपर्यंत मिरवणूक निघाली. पुढं हलगी, मागं लाल चष्मेवाली पेठ. म्हातारी, तरणी, पोरं, सगळ्यांच्या नाकावर पुठ्ठा. मला मुळातच नंबरचा चष्मा आहे, मोठा, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा. त्याच्यावर मी जिलेटीनचा चढवला होता. मला तात्यांच्या शेजारी अगदी पुढं बसवलं होतं. मामा वर त्यांच्या पायरीवर, बाटलीशेजारी, उघड्या डोळ्यांनी.

तात्यांनी फर्मान काढलं. "ऐका! शेवटची शिट्टी होईस्तवर कुनी चष्मा काढायचा न्हाय! काढंल त्यो आपला न्हाय!"

"न्हाय!" पेठ ओरडली.

संघ मैदानात आले. मी बघितलं. चष्मा नाकावर नीट दाबून बसवला, पुन्हा बघितलं.

मैदानातले सगळेच्या सगळे लाल होते!

हिरवं गवत काळवंडलेलं, त्याच्यावर लाल चेंडू, आणि त्या चेंडूमागं लाल माणसं. दोन्हीकडं लाल. मला वाटलं, निळे अजून यायचेत. मग शिट्टी झाली आणि लाल लालांबरोबर खेळायला लागले.

आता कुठल्याही नववीतल्या पोराला विचारा, लाल काचेतून दोन रंग सारखेच दिसतात ते कुठले? एक लाल. आणि दुसरा? पांढरा! कारण पांढऱ्यात सगळेच रंग असतात, त्यातला लाल तेवढा आत येतो. हाच प्रश्न मी गेल्या चाचणीत विचारला होता आणि ज्यांना आला नाही त्यांना वर्गात उभं केलं होतं. मला पायरीवर बसल्या बसल्या घाम फुटला. निळे आज पांढऱ्यात आले होते.

का आले होते? ते नंतर कळलं. त्या पेठेतल्या एका इच्छुकानं, आता इच्छुक कशाचा हे सांगायला नको, निवडणुका तोंडावर होत्या, संघाला नव्या जर्सी भेट दिल्या होत्या. पाठीवर नंबर आणि नंबरच्या वर त्याचा हात जोडलेला फोटो. निळ्यावर फोटो नीट उठत नव्हता, म्हणून त्यानं तालमीचा रंगच बदलून टाकला! पिढ्यान्‌पिढ्या ज्या रंगासाठी डोकी फुटली, तो रंग एकाच्या गोरं दिसण्यासाठी धुतला गेला. आणि हेच आई मला सांगत होती.

मी तात्यांच्या कानाशी लागलो. "तात्या, नीट दिसतंय ना?"

"नाद खुळा दिसतंय!" तात्या म्हणाले. मग जरा थांबून हळू आवाजात, "तुमाला दिसतंय न्हवं?"

"दिसतंय की!"

"काय दिसतंय?"

"तुम्हाला काय दिसतंय?"

"तेच."

"मलाही तेच."

मागून एकजण म्हणाला, "काळी कुटं हायती?" त्याला शेजारच्यानं गप केलं. "सरांस्नी दिसतंय, तुला दिसंना व्हय? डोळं तपासून घे." अख्ख्या स्टँडमध्ये कुणालाही कोण आपला, कोण परका, काही कळत नव्हतं आणि एकजणही ते बोलायला तयार नव्हता. काढंल तो आपला न्हाय ना! मग सगळ्यांनी एक सोपा मार्ग काढला. सर ओरडले की ओरडायचं.

म्हणजे बघा, पेठ माझ्याकडं बघत होती, आणि मी? मी कुणाकडं बघणार? माणूस चालीवरून ओळखावा, तर दोन चष्म्यांमधून सगळीच चालणारी टोमॅटोची पोती दिसत होती. शेवटी मी डोकं चालवलं. रंग गेला खड्ड्यात, दिशा धरू! आमची पोरं स्कोअरबोर्डाच्या बाजूला हल्ला करणार, एवढं टॉसनंतर भोंग्यावर सांगितलेलं लक्षात ठेवलं होतं. चेंडू स्कोअरबोर्डाकडं गेला की मी ओरडायचं, उलटीकडं गेला की कपाळाला हात लावायचा. किती सोपं!

आणि चाललं हो! पहिला हाफ झकास गेला. मी ओरडायचो, पेठ ओरडायची. मी हळहळलो की पेठ हळहळायची. गोल कुणाचाच झाला नाही. मध्यंतराला तात्यांनी माझ्या पाठीत असा रट्टा घातला की दोन्ही चष्मे नाकाच्या शेंड्यावर आले. वर पाहिलं तर मामा माझ्याकडं बघत होते. गंमत म्हणजे त्यांनी बाटली उचलून हातात धरली होती. पाणी प्यायला धरली होती का जागा करायला, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

तेवढ्यात एक लोकल चॅनेलवाला मोबाईल घेऊन आला. "सर, ह्या चष्म्यामागचं विज्ञान सांगा की आमच्या प्रेक्षकांना."

झालं! कॅमेरा दिसला की मास्तरचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी सुरू झालो. न्यूटनच्या लोलकापासून सुरू झालो. तरंगलांबी सांगितली, वर्णपट सांगितला, इंद्रधनुष्यात लाल वर का असतो ते सांगितलं. चॅनेलवाला जांभया द्यायला लागला तरी मी सोडेना. मागं कधीतरी शिट्टी वाजली असावी. दुसरा हाफ सुरू झाला असावा.

आता दुसऱ्या हाफला काय होतं? संघ बाजू बदलतात! शाळेतल्या पहिलीच्या पोराला हे कळतं. कोल्हापुरातल्या कुत्र्यालासुद्धा कळतं. मला माहीत नव्हतं का? माहीत होतं! पण मी त्या वेळी इंद्रधनुष्यात होतो.

"...म्हणून मी म्हणतो," मी कॅमेऱ्याकडं बोट करून सांगत होतो, "डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, विज्ञानावर ठेवा..."

आणि मैदानात कालवा झाला. मी वळून पाहिलं. चेंडू स्कोअरबोर्डाच्या बाजूच्या जाळीत!

"गोऽऽल!"

माझ्या आयुष्यात मी असा ओरडलो नव्हतो, मुलगी झाली तेव्हासुद्धा नाही. पायरीवर उडी मारली. तात्यांना मिठी मारली. तात्यांनी हात वर केला, हलगी सुटली, पेठ उठली. लाल चष्म्यातली अख्खी पेठ! टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या, गुलालाची पोती फुटली. समोरचा जन्मपेठेचा स्टँड मात्र एकदम गप. त्यांचा गोल झालाय आणि मंगळवार पेठ नाचतेय, हे बघून ते बिचारे आ वासून उभे होते. आपला गोल रद्द झाला की काय, असं वाटून दोघंतिघं पंचाकडं धावलेसुद्धा.

आणि गोल मारणारा टोमॅटो मैदानातून पळत सुटला तो थेट आमच्या स्टँडसमोर आला. मी दोन्ही हात पसरले. म्हटलं, ये रे माझ्या वाघा! त्यानं गुडघे टेकले, मला हात जोडले आणि गळा काढून ओरडला,

"दादा!"

ह्या आवाजाला मी लहानपणापासून ओळखतो. ह्या आवाजानं माझे पतंग मागितलेत.

माझ्या तोंडावरनं कुणीतरी जिलेटीनचा चष्मा अलगद काढला. मामा होते. पायऱ्या उतरून खाली आले होते.

"पावणं," ते म्हणाले, "आता बगा."

समोर पांढऱ्याशुभ्र जर्सीत माझा भाऊ. तो उठून पाठमोरा झाला, तर त्याच्या पाठीवरनं इच्छुक मला हात जोडून हसत होता.

त्याच गोलनं मॅच गेली. चॅनेलवाल्याचा मोबाईल चालूच होता, हे वेगळं सांगायला नको. 'डोळ्यांवर विश्वास ठेवू नका' पासून 'दादा' पर्यंतचा तुकडा संध्याकाळपर्यंत राधानगरीच्या धरणापासून इचलकरंजीच्या मागापर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरला.

तालमीत मला बोलावणं आलं. मी खडू घेऊनच गेलो. भिंतीवर नव्यानं आकृती काढली, पांढरा उजेड, लाल कागद, सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तात्या शांत असले की मला जास्त भीती वाटते.

"सर," ते म्हणाले, "जर्सी तुमच्या पेठंची. गोल मारनारा तुमचा भाऊ. पयला उठून नाचनारं तुमी. ह्यात परकाश कुटं आला?"

मी हातातला खडू खिशात टाकला. तुम्हाला उत्तर देता आलं असतं का?

"आनि तात्या, तुम्हीबी नाचलासा की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"मी सायन्सवर इस्वास ठेवला!" तात्यांनी हात झटकले आणि उरलेल्या चष्म्यांची जबाबदारी सर्वानुमते माझ्यावर टाकली.

घरी बायकोनं दोन दिवस माझ्याशी ताटापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, एवढं शिकलासा, एकदा चष्मा उचलून बगावं, एवढं सुचलं न्हाय?"

"अगं, सगळे माझ्याकडं बघत होते."

"मग?"

त्या 'मग' ला प्रकाशाच्या धड्यात उत्तर नाही.

आईचा फोन आला, तोही रडत. "राँग नंबर म्हनलास तवा लई वाईट वाटलं हुतं रं. खरं शेवटी रक्त ते रक्त!" तिला मी काय समजावणार? जन्मपेठेची पोरं तर फेटा आणि नारळ घेऊन थेट शाळेत आली. वर्गासमोर मला फेटा बांधला. चौकात माझं डिजिटल लागलं. डिजिटल म्हणजे आमच्याकडं तो मोठा फलक. त्यावर मी नाचतानाचा फोटो, खाली 'शत्रूच्या गोटात राहून पेठेशी इमान राखणारा वाघ', आणि माझ्या दुप्पट आकारात शुभेच्छुक म्हणून तोच इच्छुक. मी ते उतरवायला सांगितलं, तर म्हणाले, "राहू दे की सर, तुमच्यामुळं त्याला मतं पडनार हायती."

वर्गात उजळणी घेताना मी मुद्दाम तो प्रश्न गाळून पुढं गेलो. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "सर, लाल काचेतून पांढरं कसं दिसतं ते राहिलं." सगळा वर्ग खाली मान घालून थरथरत होता. मी म्हटलं, "स्वाध्यायात लिहून आणा." एकजात सगळ्यांनी उदाहरणासहित लिहून आणलं.

पण मला खरा घोर होता तो मामांचा. ते काही बोलले नाहीत, हेच वाईट होतं. दूध येत होतं, पण मुकाट्यानं येत होतं. त्या बाटलीचा विषय तर मी कायमचा सोडून दिला होता.

मग लालांची पुढची मॅच आली, दुसऱ्याच कुठल्या तरी पेठेबरोबर. मी घरात दार लावून पेपर तपासत बसलो होतो. दारावर थाप पडली. मामा.

"पावणं, चला."

"मी? नको मामा. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंतील ते म्हंतील. चला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं का सांगू. स्टेडियमच्या गेटवर पोचलो. मामांनी हात पुढं केला. मला वाटलं टाळी! इतक्या वर्षांनी टाळी! मीही हात पुढं केला. तर मामांनी माझ्या नाकावरचा नंबरचा चष्मा काढला, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"मामा, अहो, मला दिसणार नाही काही."

"म्हनूनच."

हाताला धरून त्यांनी मला पायऱ्या चढवल्या. त्यांच्या पायरीवर बाटली होती. मामांनी ती उचलली आणि खालच्या पायरीवर ठेवली.

"बसा. हितं माझं कोपर पोचतंय."

तेव्हापासून मी मामांच्या शेजारी बसतो. आपल्या माणसाच्या जागेवर! समोर मला हिरवा चिखल दिसतो आणि त्याच्यात हलणारे काही ठिपके. लाल कुठले, पांढरे कुठले, देवाला ठाऊक. मी फक्त बरगडीकडं लक्ष ठेवून असतो. मामांचं कोपर लागलं की उठतो, उडी मारतो, बेंबीच्या देठापासून ओरडतो, आणि मग मामांची टाळी येते, ती चाचपून घेतो.

आणि खरं सांगू? चष्मा गेल्यापासून एकदासुद्धा चुकलो नाही.